भिकेतली बरकत

माझा थोरला भाऊ हिल्डिंग वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी दुकानाबाहेर भीक मागायला बसला. मीच त्याला बसवलं, असं तो अजूनही सांगतो. खरं म्हणजे मी वैतागून बोलले होते. वैतागून बोललेलं प्रत्येक वाक्य हुकूम समजून पाळायचं असतं, तर माझा नवरा जिवंतपणी दहा वेळा खड्ड्यात जाऊन आला असता.

कमरेचं हाड बदलल्यापासून हिल्डिंग माझ्याकडे राहतो. सहा आठवड्यांसाठी म्हणून आला, त्याला आता तिसरं वर्ष लागलं. आयुष्यभर त्याने नगरपालिकेत इमारती तपासल्या. जिना किती उंच, दार कुठल्या बाजूला उघडतं, धूर जायला वाट आहे का. निवृत्तीनंतर इमारती सुटल्या, तपासणी सुटली नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं रोज चारशे पोरांना जेवायला घातलं, तरी बटाटे किती वेळ उकडायचे हे मला तो घड्याळ लावून सांगतो.

आणि रोज सकाळी कॉफी ओतायला घेतली, की लेनुत्साचा विषय.

लेनुत्सा आमच्या चौकातल्या किराणा दुकानाच्या सरकत्या दारापाशी बसायची. रुमानियातल्या एका खेड्यातली, रोमा जमातीतली बाई, चाळिशीच्या आसपासची. खाली जुनी गादी, गुडघ्यांवर पांघरूण, पुढ्यात कागदी पेला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती “हेय हेय” म्हणायची. आमच्या स्वीडनमध्ये अनोळखी माणसाशी बोलणं म्हणजे न विचारता त्याच्या अंगणात शिरणं. त्यामुळे दिवसभरात आपल्याशी आपण होऊन बोललेलं एकमेव माणूस लेनुत्साच, असं माझ्यासारख्या बाईच्या बाबतीत बरेचदा व्हायचं. मी तिला रोज थर्मासमधून कॉफी आणि एक वेलदोड्याचा बन नेऊन द्यायची. ती मला ‘तांती’ म्हणायची. त्यांच्यात मावशीला तसं म्हणतात.

“पोचवलीस का कॉफी कारखानदारीणबाईंना?” मी घरात पाऊल टाकलं की हिल्डिंग विचारायचा.

“पोचवली.”

“दिवसाला हजार क्रोनर पाडते ती. शनिवारी दीड हजार. कर नाही, वीजबिल नाही, वरचा साहेब नाही.”

“कुणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना म्हणजे तुला आणि सॉनामध्ये तुझ्या शेजारी घाम गाळत बसतो त्या रूनेला.”

“तिकडे संगमरवरी बंगले आहेत त्यांचे, गुनवोर. मी फोटो पाहिलाय.”

“आणि मी तिच्या पायातले बूट पाहिलेत.”

“तो धंद्याचा पोशाख झाला. मी कामावर हेल्मेट घालायचो, तसा.”

असं रोज, आणि दोन वर्षं. नुसता नळ गळत असता तर मी प्लंबर बोलावला असता.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी मी जंगलातून आणलेल्या लाल बेरींचा मुरंबा ढवळत होते आणि हा टेबलाशी पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड करत होता. मिनिटाला इतकी माणसं दारातून जातात, त्यातला दहावा देतो, सरासरी इतके. वाचून दाखवता दाखवता त्याने मला विचारलं, ती वर्षातले सव्वीस आठवडे इथे असते असं धरू की तीस? मी मागे वळले, तेवढ्यात मुरंबा उतू गेला. पांढऱ्या शेगडीवर लालभडक पसारा, आणि जळक्या साखरेचा वास.

“इतकी बरकत आहे ना भिकेत?” मी ओरडले. “मग तू का नाही बसत? जा, बस! जागा फुकट, भांडवल एक कागदी पेला!”

हिल्डिंग काहीच बोलला नाही. तो गप्प झाला की घाबरायचं, हे मला मी चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे. पण शेगडी खरवडण्याच्या नादात मी घाबरायची विसरले.

शनिवारी उठले तर हा घरात नाही. वाटलं, पोहायला गेला असेल. दहाच्या सुमारास थर्मास घेऊन चौकात गेले तर दुकानाच्या दारापाशी सात-आठ माणसं उभी. आमच्या गावात सात-आठ माणसं एका जागी थांबली म्हणजे नक्कीच कुणीतरी चक्कर येऊन पडलेलं असतं. मी घाईने पुढे झाले.

माझा भाऊ लेनुत्साच्या जागेवर घडीच्या खुर्चीत बसला होता. अंगात माझ्या मेलेल्या नवऱ्याचा शिकारीचा जुना कोट, जो मी तळघरात गोधड्यांखाली ठेवला होता. मांडीवर पुठ्ठा. त्यावर त्याच्या त्या सुबक, नकाशावर लिहावं तशा अक्षरात लिहिलेलं: ‘पेन्शन पुरत नाही. मदत करा.’ आणि खाली फोन नंबर. आमच्याकडे हल्ली कुणाच्या खिशात नाणी नसतात. पावापासून चर्चच्या दानापर्यंत सगळं फोनवरून, आणि या गृहस्थाने त्याचीही सोय केलेली.

एक बाई त्याच्यापुढे वाकून डोळे पुसत होती. “तुम्ही आयुष्यभर काम केलं असेल ना?”

“त्रेचाळीस वर्षं,” हिल्डिंग म्हणाला. ते खरंही होतं. पुठ्ठा सोडला तर त्या दिवशी तो एक शब्दही खोटं बोलला नाही, आणि तेच मला जास्त झोंबलं.

“आपल्या म्हाताऱ्यांवर ही पाळी!” एका माणसाने सगळ्यांकडे बघत म्हटलं आणि खिशातून फोन काढला. हिल्डिंगच्या कोटात टुणकन आवाज झाला. मग आणखी एकदा.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याने मला पाहिलं आणि अनोळखी माणसाकडे बघावं तशी मान हलवून “हेय हेय” म्हणाला.

लेनुत्सा पलीकडे, ढकलगाड्या लावतात त्या कोपऱ्यात उभी होती. तिथे नदीवरचा वारा थेट येतो आणि गाडी परत लावायला आलेलं माणूस थांबत नाही. मी तिला कॉफी ओतून दिली.

“तांती, तुझा भाऊ आजारी आहे?” तिने विचारलं.

“आहे. डोक्याने.”

“साडेसातला आला. मी म्हटलं, ही माझी जागा. तो म्हणाला, ही जागा सगळ्यांची, आणि कुठला तरी नियम सांगितला. लांबलचक.” तिने खांदे उडवले. “मला वाटलं, म्हातारा आहे. भुकेला असणार. मी माझा पाव दिला त्याला.”

“त्याने घेतला?”

“अर्धा.”

दुपारी एक वाजता तो घरी आला, लंगडत, पण वरातीतल्या नवऱ्याच्या थाटात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने सगळं मांडलं. फोनवर दोन हजार तीनशे दहा. पेल्यात सहाशे चाळीस. वर दोन पिशव्या किराणा, एक हातविणीचा मोज्यांचा जोड आणि कुणीतरी दिलेलं सुकं सॉसेज. साडेपाच तासांत.

“सिद्ध झालं,” तो म्हणाला.

“काय सिद्ध झालं?”

“धंदा फायद्याचा आहे. मी तर शनिवारचे दीड हजार धरले होते. जवळजवळ दुप्पट!”

“लेनुत्साला आज पस्तीस मिळाले. पस्तीस, हिल्डिंग! आणि दुकानात परत दिले की चिल्लर मिळते ते तीन रिकामे डबे.”

“मग तिची पद्धत चुकते.”

मी खाली बसले. उभ्याने ऐकण्यासारखं ते नव्हतं. “तुला मिळाले, कारण तुझा चेहरा त्यांच्या बापासारखा आहे. तुझी भाषा त्यांची आहे. तुझं बँकेत खातं आहे, फोनला ते जोडलेलं आहे. तिच्याकडे यातलं काय आहे?”

“तो तपशील झाला. मूळ मुद्दा—”

“तू तिचा अर्धा पाव खाल्लास.”

“शिळा होता,” तो म्हणाला, आणि सॉसेज कापायला सुरी शोधू लागला.

मी हात टेकले. दोन वर्षांचा वाद एकदाचा मिटावा म्हणून मी तोंडातून वाक्य काढलं, आणि या माणसाने स्वतः भीक मागून स्वतःचंच म्हणणं खरं करून दाखवलं. आता हे मला मरेपर्यंत ऐकावं लागणार होतं.

पण रविवारी त्याचा फोटो गावभर फिरला. सोमवारी सकाळी दाराशी कुणीतरी वाटाण्याच्या सूपचं भांडं ठेवून गेलं. तो ते प्यायला, हे नोंदवून ठेवते. मग योटेबोरी शहरातून त्याच्या मुलीचा, मालिनचा, फोन आला. ती हुंदके देत होती.

“बाबा, तू उपाशी आहेस आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? आत्याकडे खायला नाही का?”

“आत्याकडे भरपूर आहे,” मी मागून ओरडले. “तुझ्या बापाला अक्कल तेवढी वाढायची राहिली!”

मंगळवारी खरा स्फोट झाला. फोनवरून पैसे पाठवले की घेणाऱ्याचं नाव दिसतं. आणि नाव कळलं की आमच्या देशात करखात्याला फोन करून कुणाचंही उत्पन्न विचारता येतं. का विचारता, असं ते विचारत नाहीत. कुणीतरी विचारलं. संध्याकाळच्या आत हिल्डिंग सांदेलिनची पेन्शन, तळ्याकाठचं लाकडी घर आणि भाड्याने दिलेली बोट, सगळं त्याच फोटोखाली छापलं गेलं. ज्यांनी डोळे पुसले होते, त्यांनी आता बाह्या वर केल्या. फोन टुणटुणायला लागला, पण या वेळी पैसे येत नव्हते. ‘परत कर.’ ‘लाज वाटते का?’ ‘परत कर.’

एकसष्ट माणसं. तीन दिवस तो चष्मा नाकावर ओढून एकेकाला पैसे परत पाठवत होता. कुणाचे वीस, कुणाचे पन्नास. एकाने वीस दिले होते आणि पंचवीस मागितले, वरचे पाच मनस्तापाचे. हिल्डिंगने त्याला अर्ध्या पानाचं उत्तर लिहिलं आणि मग पंचवीस पाठवले.

“अभ्यास होता तो माझा,” तो पुटपुटायचा. “लोकांना पद्धतशीर काम कळत नाही.”

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. बुधवारी मी कॉफी घेऊन चौकात गेले. दारापाशी लेनुत्सा नव्हती. तिची गादी कचऱ्याच्या पिंपात कोंबलेली, ओली चिंब. ती चर्चच्या भिंतीशी सापडली, पिशवी मांडीवर घेऊन.

“मॅनेजर म्हणाला, दोन आठवडे येऊ नको. लोक तक्रार करतात,” ती म्हणाली. “तो वाईट नाही. त्याला पण वैताग आलाय.”

“आणि गादी?”

“सकाळी आले तर तिथेच होती, पिंपात. काल एका बाईने पेल्यात हात घालून आपले दहा क्रोनर परत काढले. म्हणाली, तुम्ही सगळे लबाड. मी विचार करते, तांती, तुम्ही सगळे म्हणजे कोण? मी आणि तुझा भाऊ?”

ती हसली. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पांघरुणाच्या टोकाने पुसलं आणि म्हणाली, बन आणला नाहीस का? रागारागात मी तो घरीच विसरले होते.

घरी येऊन मी थर्मास टेबलावर आपटला. आतली काच फुटली.

“ऐक,” मी हिल्डिंगला म्हटलं. “तुला रस्त्यात गाठून शिव्या द्यायला कुणी धजावत नाही. तू त्यांच्यातला आहेस. उद्या नगरपालिकेत, परवा सॉनामध्ये भेटणार आहेस. म्हणून त्या शिव्या तिला जातात. अभ्यास तुझा आणि फी तिने भरायची.”

मी सगळं सांगितलं. गादी, दहा क्रोनर, चर्चची भिंत. तो उठला. मग कपाटातून पेल्यातल्या पैशांचं पाकीट काढलं. ते सहाशे चाळीस परत करता येत नव्हते. नाण्या-नोटांवर नावं नसतात, परत करणार कुणाला? तो बूट घालू लागला. त्या कमरेने बूट घालायला त्याला दहा मिनिटं लागतात. मी पुढे झाले तर हात झटकला.

चर्चपाशी त्याने पाकीट लेनुत्सापुढे धरलं. “हे तुझे आहेत.”

तिने उघडून मोजले, सावकाश, बोटाला थुंकी लावून. “सहाशे चाळीस. ठीक. शनिवारचं जागेचं भाडं. आणि अर्ध्या पावाचे.”

आभार वगैरे काही नाही. मला ते फार आवडलं.

आणि एवढं होऊनही माझ्या भावाने विचारलंच, “एरवी शनिवारी साधारण किती सुटतात?”

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. पण लेनुत्साने शांतपणे उत्तर दिलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिला तोंडावर विचारत होतं.

“ऐंशी. कधी शंभर. नाताळच्या आधी दोनशे. बसने यायला दीड हजार, जायला दीड हजार. आम्ही चौघी एका गाडीत झोपतो, गाडीवाल्याला द्यावे लागतात. आईची औषधं. उरले तर छपराचे पत्रे. पाच वर्षांत अर्धं छप्पर झालं.”

“अर्धं?” हिल्डिंग दचकला. “म्हणजे अर्धं घर उघडं? पाच वर्षं?”

“प्लास्टिक आहे.”

तिने फुटक्या काचेचा फोन काढून फोटो दाखवला. मातीच्या विटांचं दोन खोल्यांचं घर, एका बाजूला चकचकीत पत्रा, दुसऱ्या बाजूला निळं प्लास्टिक आणि दगड. हिल्डिंगने चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “हा आडवा वासा बारीक आहे. बर्फाच्या वजनाने जाणार. कुणी बसवला?”

“माझ्या भावाने.”

“त्याला सांग, चुकला.”

“भाऊ असेच असतात,” लेनुत्सा म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मग जरा पुढे सरकून त्याला म्हणाली, “तू ये. शनिवारी. माझ्या शेजारी बस. फोन तुझा, जागा माझी. अर्धं-अर्धं.”

“छे! आता मला कोण देणार? माझं नाव खराब झालंय.”

“दुसऱ्या गावात जाऊ. बसने एक तास.”

आणि हा गाढव विचारात पडला! मला दिसत होतं ना, डोळ्यांत आकडे फिरताना. मी बाही धरून त्याला ओढला. वाटेत तो म्हणाला, “नुसतं तत्त्व म्हणून बघितलं तर—”

“एक शब्द बोललास, तर दुसऱ्या बाजूचंही हाड बदलावं लागेल.”

लेनुत्साला भीक मागायची हौस नव्हती. तिने मला पन्नासदा सांगितलं होतं, तांती, फरशी पुसायचं काम बघ. चर्चच्या सभागृहाला सफाईला माणूस हवंही होतं. पण पगार द्यायचा तर तिला करखात्याचा नंबर हवा. नंबर हवा तर कामाचा करार हवा. करार करायचा तर बँकेत खातं हवं. आणि बँक म्हणते, आधी नंबर दाखवा. हे सगळं करून मी वर्षभरापूर्वीच थकून बसले होते. त्या रात्रीच्या जेवणाला ते सहज हिल्डिंगपाशी बोलले.

त्याने काटा खाली ठेवला. “हे नियमात बसूच शकत नाही.”

“पण बसवलंय.”

“मग चूक आहे.” आणि त्याचे कान लाल झाले. नगरपालिकेत असताना एखाद्या बिल्डरने जिन्याचा कठडा गाळला की व्हायचे, तसे.

त्यापुढचे दोन महिने माझ्या घराचं कचेरीत रूपांतर झालं. पत्रं, पत्रांच्या प्रती, प्रतींच्या प्रती. माझ्या जेवणाच्या टेबलावर मी जेवू शकत नव्हते. तो लेनुत्साला घेऊन कचेऱ्यांत जायचा, खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा आणि कलम विचारायचा. तिथली एक बिचारी मुलगी त्याला बघितलं की पाणी प्यायला उठायची. तिच्याबद्दल मला जिव्हाळा वाटतो. लेनुत्साशीही त्याची भांडणं. तिच्या पासपोर्टात नाव एका प्रकारे, जन्मदाखल्यात दुसऱ्या.

“दोनदा लिहिलं आणि दोन्हीदा चुकीचं कसं?” तो ओरडायचा.

“मी एक दिवसाची होते, मी नाही लिहिलं!” ती त्याच्याहून मोठ्याने ओरडायची.

नोव्हेंबरात तिची आई आजारी पडली आणि गुरुवारच्या बसने लेनुत्सा गेली. मी स्टँडवर बन द्यायला गेले होते. परत आले तर हिल्डिंग टेबलाशी लिहीतच बसलेला.

“ती गेली, हिल्डिंग.”

“माहीत आहे. हे बारावं पत्र.”

“आता कशाला?”

“ती येईल तेव्हा नंबर तयार पाहिजे.”

“आणि नाही आली तर?”

“तर नाही आली. पत्र अर्धवट ठेवू का मग?”

जानेवारीत नंबर आला. त्यावर नाव तिसऱ्याच प्रकारे लिहिलेलं. हिल्डिंगने आधी तेरावं पत्र लिहिलं, मग तिला फोन लावला. पलीकडून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. नंबरबद्दल ते दोन मिनिटं बोलले आणि त्या बारीक वाशाबद्दल वीस मिनिटं भांडले.

त्यांचा ईस्टर बहुधा आमच्यानंतर येतो, तो झाल्यावर ती आली. आई वाचली होती. आता आठवड्यातून दोन सकाळी ती सभागृह पुसते, आणि त्या दोन सकाळींत दुकानापुढच्या अख्ख्या आठवड्याहून जास्त मिळवते. दोन सकाळींवर घर चालत नाही, म्हणून बाकीचे दिवस ती दुकानापाशीच असते. मॅनेजरने काही म्हटलं नाही. काही लोक अजून तिच्याकडे न बघता जातात, काही पूर्वीही बघत नव्हते.

हिल्डिंगचं म्हणणं मात्र तसूभर हललेलं नाही. परवाच कॉफी पिताना म्हणाला, “तत्त्वतः मी बरोबरच होतो, गुनवोर. धंदा फायद्याचा आहे. फक्त तो करायला आधी चांगली पेन्शन लागते.” मी नवा थर्मास भरत होते.

तिच्या कामाच्या पहिल्या दिवशी तो सभागृहात गेला होता, काम कसं चाललंय बघायला. कुणी बोलावलं नव्हतं. हात पाठीमागे बांधून त्याने एक फेरी मारली, वाकता येत नाही तरी वाकला, आणि म्हणाला, “कोपरे राहिलेत.”

लेनुत्साने ओला पोछा त्याच्या हातात दिला आणि खिडकीपाशी बसून बन खायला घेतला.